दुसरी खेप

१

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत भैयाजींचा तिजोऱ्या आणि लोखंडी कपाटं बनवायचा कारखाना होता आणि चोरी नेमकी तिथेच झाली. याला म्हणतात दिव्याखाली अंधार. कुलूप कुणी फोडलं नव्हतं, खिडकीचा गज कुणी वाकवला नव्हता, आणि ज्यांचे पैसे गेले त्यांना वर्षभर त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लागला तो गणपतरावांना. ते रंगखात्याचे फोरमन होते. एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात त्यांच्या घरी इन्कमटॅक्सची नोटीस आली. मागल्या वर्षी दर महिन्याला पगाराच्या पाकिटातून त्यांचा कर कापला गेला होता. कारखान्याने तो सरकारजमा करायचा, हा कायदा. नोटीस म्हणत होती की बारा महिन्यांपैकी एकाच महिन्याचा कर जमा झालेला दिसतो. बाकीचा व्याजासकट महिन्याच्या आत भरा. एकदा कापून घेतलेले पैसे पुन्हा मागायला आलेलं सरकार पाहून गणपतरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी नोटीस तशीच हातात धरून ऑफिस गाठलं आणि भैयाजींच्या टेबलावर ठेवली.

तिथे ठेवली आणि मग पश्चात्ताप केला.

भैयाजींनी फाइल मागवली. बारा महिन्यांच्या बारा पावत्या, साऱ्यांवर बँकेचा शिक्का. त्यांनी वरच्याच दोन पावत्या उचलून बँकेच्या मॅनेजरला दाखवल्या. मॅनेजर म्हणाला, हा शिक्का आमचा नव्हे, कुणीतरी घरी कोरलेला दिसतो. भैयाजींना तेवढं पुरेसं होतं. ऑफिसातून रोकड निघाली, बँकेत पोचली नाही, आणि मधल्या रस्त्यावर माणूस एकच. चपराशी धोंडबा.

"शनिवारी त्याले ठाण्यात देतो," भैयाजी म्हणाले. "तोवर त्यानं पैसे आणून ठेवावे. मले तर मागल्या सालीच समजाले पायजे होतं. एका महिन्यात पावती आणाले दोन दिवस लावले होते त्यानं. एक रोजाची गैरहजेरी लावली होती म्या, याद आहे ना? तवापासूनच याची नियत फिरली."

गणपतरावांनी नोटीस घडी करून खिशात घातली. धोंडबा मौद्याकडचा, त्यांच्याच गावचा. 'माणूस सोन्यासारखा आहे, माझी जबान' असं सांगून त्यांनीच त्याला इथे चिकटवला होता. आणि यंदा दिवाळीत त्याच धोंडबाच्या झोपडीवर नव्या कोऱ्या पत्र्याच्या टिना चढल्या होत्या. त्या टिना आता गणपतरावांच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्या दिवशी बुधवार होता.

२

इंदोऱ्याला नत्थूजी मेश्राम राहत. इन्कमटॅक्स खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. गणपतरावांसारख्या पगारदारांचे कागद ते फुकट भरून देत, अट एकच की माणसानं खरं बोलावं. त्यांच्या अंगणात चार खुर्च्या होत्या, पण त्यांना स्वतःला कुणी कधी खुर्चीत पाहिलं नव्हतं. बसलं की डोकंही बसतं, असं त्यांचं म्हणणं. ते तुळशीपासून फाटकापर्यंत फेऱ्या मारत बोलत आणि ऐकणाऱ्याची मान दुखून येई.

नोटीस त्यांनी चालता चालता वाचली.

"गणपतराव, तुमच्या पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या ना?"

"साऱ्या आहेत."

"मंग झोपा आरामात. पगारातून कापलेला कर सरकार तुमच्याकडून दुसऱ्यांदा मागू शकत नाही. कारखान्याची मान धरतीन. मी अर्ज लिहून देतो."

गणपतराव उठले नाहीत. "मी माह्यासाठी नाही आलो, नत्थूजी. धोंडबासाठी आलो. ती नोटीस मी आधी तुमच्याकडं आणली असती तर हा बखेडा झाला नसता. आता शनिवारी त्याले पोलिसात देऊन राहिले. त्यानं घेतले असतील तर घेतले म्हणा, पण मले समजलं पायजे. त्याबिगर मले झोप नाही."

"तुमचं मन काय म्हणते?"

"मन म्हणते नाही. टिना म्हणतात हो."

नत्थूजी हसले आणि पुन्हा फाटकाकडे निघाले. "लोक कशाचा विचार करून राहिले? अकरा महिन्यांचे पैसे कुठं गेले याचा. मले त्यात काही कोडं वाटत नाही. पैसा दिसला, हात गेला, जुनीच कथा. मले कोडं त्या एका महिन्याचं आहे. अकरा महिने खाणाऱ्याले एक महिना उपास काहून घडला?"

"पहिला महिना असेल. चोरी सुरू होण्याच्या आधीचा."

"असेल. नोटिशीत महिन्याचं नाव नाही. ते मी जुन्या कचेरीत जाऊन पाहतो. पण आधी मले तुमच्या धोंडबाकडं न्या. माणूस डोळ्यानं पाह्यला की अर्धा कागद वाचून होते."

३

धोंडबाची झोपडी कारखान्यामागच्या नाल्याला लागून होती. तो भिंतीला टेकून बसला होता आणि एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. त्याची बायको कौसल्या चहा ठेवता ठेवता कुणी न विचारताच बोलली.

"त्या टिना पाहून राहिले ना, भाऊ? सारेच पाहतात. दोन हंगाम संत्र्याच्या पेट्या भरल्या म्या, तवा आल्या त्या. व्यापाऱ्याले विचारा जाऊन."

गणपतरावांनी मान खाली घातली. नत्थूजींनी मात्र चहाचा कप घेऊन झोपडीतल्या झोपडीत चार पावलांची येरझार सुरू केली.

"धोंडबा, पैसे कसे नेत होता तू? पहिल्यापासून सांग."

"पगाराच्या दुसऱ्या रोजी अकाउंटवाले मधुकरराव रोकड मोजतात, भैयाजी पाहतात. मंग थैलीत घालून तोंड सुतळीनं शिवतात. ती थैली मी सदऱ्याच्या आतून कमरेले बांधतो. खिडकीतल्या बाबूनं हात पुढं केला का मंगच सोडतो. तोवर कोणाच्या हाती देत नाही, साहेब. एक डाव चंद्रभानभाऊ म्हणे, तू पाणी पिऊन ये, मी धरतो. म्या म्हटलं, मालकाचा भासा झाला म्हणून काय झालं, थैली नाही देत."

चंद्रभान हा भैयाजींच्या बहिणीचा मुलगा. कारखान्याची बाहेरची कामं तो बघे आणि धोंडबाला मागे बसवून बँकेत नेणं हे त्यांपैकीच एक.

"अन् कागद?"

"कागद स्कूटरच्या डिकीत. कमरेले बांधला तर घामानं लोळागोळा होते. बँकेपाशी उतरलो का भाऊ काढून देतात, मी आत जातो. दारातून शिरलं का दुसरी खिडकी. पैसे दिले, बाबूनं शिक्का मारला, कागद फाडून दिला. येऊन भाऊजवळ दिला. टेकडीच्या गणपतीपाशी चहा घेतला अन् जेवणाच्या सुट्टीआधी वापस."

"कागदावर काय लिहिलं आहे, वाचलं कधी?"

"मले कुठी वाचता येते."

"अन् तो गैरहजेरीचा महिना? पावतीले दोन दिवस लागले तो?"

धोंडबाचा चेहरा आणखी उतरला. "तवा बाबूनं सतावलं मले. बसनं गेलतो, आधीच उशीर झाला होता. नेहमीच्या खिडकीवर गेलो त बाबू कागद पाहून म्हणे, हे इथं नाही, त्या कोपऱ्यातल्या खिडकीवर जा. तिथं हीऽ लाइन. पैसे घेतले अन् म्हणे, पावती आज नाही भेटत, परवा ये. म्या हात जोडले, मालक रागावतीन म्हटलं. ऐकलं नाही. मंग परवा पुन्हा बसनं गेलो, दुसरी खेप केली. इकडं मधुकरराव भडकले, भैयाजींनी रोज कापला. बाबूचं काय गेलं, साहेब?"

नत्थूजींची येरझार थांबली. गणपतराव त्यांना बारा वर्षं ओळखत होते. चालते नत्थूजी मध्येच उभे राहिलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"धोंडबा, बाकीच्या महिन्यांत पावतीसाठी दुसरी खेप केली का कधी?"

"नाही जी. तेवढ्या एकाच महिन्यात."

"हं," म्हणून नत्थूजींनी न प्यालेला चहा खाली ठेवला आणि बाहेर पडले. गणपतरावांनी रस्त्यात तीनदा विचारलं, पण म्हातारा एक शब्द बोलेल तर शपथ.

४

गुरुवारी नत्थूजी कारखान्यात आले. खात्यातला माणूस आला म्हटल्यावर भैयाजी नाही म्हणणार नव्हते, मग तो निवृत्त का असेना.

ऑफिसात दारालगत पुष्पलता टाइपिस्टचं टेबल होतं. भरण्याचा कागद ती टाइप करी आणि मधुकरराव सही करत. तिने हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पुन्हा मशीनवर बोटं ठेवली. नत्थूजींनी विचारलं, मागच्या वर्षात रजा किती घेतल्या. "एकही नाही," ती म्हणाली, "घरी बसून करायचं काय?" आणि खटखट सुरू झाली.

मधुकरराव अकाउंटंट साताऱ्याकडचे. आधीचे जुने अकाउंटंट वारले तेव्हा जाहिरात वाचून आलेले. या प्रकरणापासून त्यांचा हात सारखा चष्म्याकडे जाई.

"मी नियमाने वागणारा माणूस आहे, साहेब. रोकड मालकांसमोर मोजतो, मालकांसमोर शिवतो. पावती दुपारच्या आत माझ्या टेबलावर असते. नाही आली तर मी बोलतो. त्या एका महिन्यात नाही आली, तेव्हा धोंडबाला चांगला फैलावर घेतला होता मी. दोन दिवस म्हणजे काय? आमच्याकडे गावच्या ट्रेझरीत पैसे दिले की तिथल्या तिथे पावती हातात."

"नागपुरात बँकेत कधी गेला तुम्ही हा भरणा घेऊन?"

"मी कशाला जाऊ? धोंडबा आहे की."

गणपतरावांनी हे सगळं बाजूला उभं राहून ऐकलं. माणूस बाहेरचा, पावत्या त्याच्याकडे, फाइल त्याच्याकडे. त्यांचं मन एकदम एका बाजूला झुकलं आणि झुकल्याबरोबर थोडं हलकंही झालं. धोंडबापेक्षा साताऱ्याचा माणूस चोर निघाला तर कुणाला आवडणार नाही?

चंद्रभान अंगणात आपली मोटरसायकल पुसत होता. गाडी दिवाळीनंतरची, झगझगीत. भाच्यावर मामाचा जीव म्हणून भैयाजींनी घेऊन दिली असणार, असं सारा कारखाना धरून चाले. पोरगा मोठा गोडबोल्या. धोंडबाचं नाव निघताच त्याने हळहळ केली.

"म्हातारा असा निघंल असं वाटलं नव्हतं, काका. मी तर दारापर्यंत नेऊन सोडत होतो. आत तो एकटाच. आत काय करे, कोणाले ठाऊक."

"दर महिन्याले तूच नेत होता?"

"मीच. दुसरं कोण नेईन?"

नत्थूजी गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "इतवारीचा ना तू? मागल्या वर्षी मारबतीच्या मिरवणुकीत तुमच्या मोहल्ल्याचा बडग्या पाह्यला होता मी. इन्कमटॅक्सच्या साहेबाचा. ही पोटाची ढेरी, अन् गळ्यात पाटी."

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्ये निघतात. ज्याने वर्षभर छळलं त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत फिरवायचा आणि गावाची इडापिडा त्याच्यासोबत जाळून टाकायची. चंद्रभानचा चेहरा खुलला.

"तो माह्याच हातचा, काका! आठ दिवस कारखान्यात पाय नाही ठेवला म्या, रात्रंदिवस त्याच्याच मागं. पाटीवरची अक्षरं पाह्यली का? सायकलच्या ट्यूबमधून एक एक कापून चिकटवली होती. लोक म्हणे छापल्यावानी दिसतात."

"पाह्यली. चांगला हात आहे तुझा," नत्थूजी म्हणाले. "माह्याच खात्याचा बडग्या होता, पण मीही हसलो."

दोघं फाटकाशी आले तेव्हा पुष्पलता मागून लगबगीने आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सांगू की नको कळत नव्हतं. मधुकररावांनी साताऱ्याचं तिकीट काढलं आहे. उद्या रात्रीच्या गाडीचं."

५

शुक्रवारचा दिवस गणपतरावांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. रंगाचा एक अख्खा डबा बिघडवला, पोरांवर ओरडले, मग पोरांची माफी मागितली. धोंडबा कामावर नव्हता, पण त्याचं स्टूल ऑफिसच्या दाराशी तसंच होतं आणि प्रत्येक जण त्याला वळसा घालून जात होता.

मधुकरराव पळाले तर? उद्या शनिवार. पोलिसांना हातात सापडेल तोच चोर. संध्याकाळी गणपतराव तडक मधुकररावांच्या खोलीवर गेले. तिथे ट्रंक बांधलेली होती आणि ट्रंकेवर त्यांची बायको रडत बसली होती.

"तिकीट हिचं आहे," मधुकरराव म्हणाले. "उद्या संशय फिरला की तो माझ्यावरच येणार. मी परका. हिच्यासमोर पोलीस यायला नकोत म्हणून माहेरी धाडतोय. मी इथेच आहे, गणपतराव. पळणारा नाही मी."

गणपतराव ट्रंक उचलून स्टेशनपर्यंत गेले, बाईंना डब्यात बसवून दिलं आणि परत येताना आणखीच बेचैन झाले. धोंडबा नाही, मधुकरराव नाही. मग पैसे काय जमिनीनं गिळले?

घरी पोचले तर ओट्यासमोर नत्थूजी येरझार घालत होते.

"कचेरीत जाऊन आलो. जुन्या पोरांनी दाखवलं. जमा झालेला महिना पहिला नव्हे, शेवटचा नव्हे. सप्टेंबर आहे."

"मंग?"

"मागल्या साली पोळा सप्टेंबरच्या आरंभाले होता, गणपतराव. ऐन पगाराच्या आठवड्यात. ज्या एका महिन्यासाठी धोंडबाले दंड झाला, तोच एक महिना बरोबर आहे. उद्या सकाळी साऱ्यांना भैयाजींच्या खोलीत बोलवा. धोंडबालेही."

६

शनिवारी भैयाजींच्या खोलीत सगळे जमले. धोंडबा आत यायला तयार नव्हता, तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. भैयाजींनी घड्याळ पाहिलं. ठाण्यात निरोप गेलेला होता.

"भैयाजी, मले फक्त चार गोष्टी बोलायच्या आहेत," नत्थूजी म्हणाले आणि तिजोरीपासून खिडकीपर्यंत चालू लागले. "पहिली गोष्ट. किंग्जवेच्या त्या बँकेत सरकारी भरणा कोपऱ्यातल्या खिडकीवर घेतात, अन् त्याची पावती त्याच रोजी कधीच भेटत नाही. परवा ये म्हणतात. नोकरीभर मी हेच पाह्यलं. इथले जुने अकाउंटंट हे जाणून होते. मधुकररावांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या गावची रीत वेगळी. म्हणून पावती दुपारी टेबलावर आली की ते खूश, अन् दोन रोजांनी आली की नाराज. खरं पाह्यलं तर उलटं व्हायले पायजे होतं."

मधुकररावांनी चष्मा काढला आणि तो हातातच राहिला.

"म्हणजे अकरा महिने धोंडबानं दुसऱ्या खिडकीवर जे भरलं, तो कर नव्हता. ती साध्या खात्यात पैसे टाकायची खिडकी आहे. तिथं पावती लगेच भेटते. पैसे बँकेत पोचले, भैयाजी. एक रुपया कमी नाही. फक्त सरकारच्या खात्यात नाही गेले, कोणाच्या तरी घरच्या खात्यात गेले. कारण धोंडबाच्या हातातला कागद दुसरा होता, अन् तो त्याले वाचता येत नाही."

"कोणाच्या खात्यात?" भैयाजींनी विचारलं.

"थांबा. दुसरी गोष्ट. चोर तुम्ही असता, किंवा मधुकरराव असते, तर थैली शिवायच्या आधीच नोटा काढल्या असत्या. पैसे तुमच्या हातातूनच जात होते. बँकेचा खटाटोप कशाले? हा खटाटोप त्यानं केला ज्याच्या हाती रोकड कधी लागतच नव्हती. धोंडबा थैली सोडत नव्हता ना. त्या माणसाच्या हाती लागत होता फक्त कागद. जाताना खरा काढून दुसरा द्यायचा, अन् येताना बँकेची पावती घेऊन त्या जागी खोट्या शिक्क्याची लावायची."

"कागद टाइप तर पुष्पलता करते," भैयाजी म्हणाले.

"करते. सप्टेंबरातही तिनंच केला. एक रजा नाही तिची. मंग सप्टेंबरात कागद काहून बदलला नाही? तिसरी गोष्ट तीच. त्या महिन्यात धोंडबा बसनं गेला. कागद डिकीत नव्हता, त्याच्या खिशात होता. स्कूटर चालवणारा आठ दिवस इतवारीत इन्कमटॅक्सचा बडग्या बनवून राहिला होता. दर महिन्याले मीच नेत होतो असं परवा मले सांगितलं त्यानं, अन् दुसऱ्या मिनिटाले त्या आठ दिवसांची फुशारकीही मारली. शिक्क्याची अक्षरं कोणी कापली ते सांगायले पायजे काय? सायकलच्या ट्यूबमधून छापल्यावानी अक्षरं कापणारे हात गावात फार नाहीत."

चंद्रभान खिडकीबाहेरच्या मोटरसायकलकडे पाहत होता.

"चौथी गोष्ट तुम्ही सांगा, भैयाजी. ती गाडी तुम्ही घेऊन दिली?"

"मी? मी काहून घेऊन देऊ? आमच्या बाईनं, याच्या मायनं, घेतली असं हा म्हणे." भैयाजी बोलता बोलता थांबले. त्यांची बहीण भेटली की 'पोरासाठी एवढं केलं' म्हणून त्यांचे आभार मानत असे. ते आभार त्यांनी भाऊ म्हणून कसल्या तरी मोघम मायेपोटी स्वीकारलेही होते; ते गाडीचे होते हे त्यांना आता उमगलं.

"बँकेले विचारलं तर खात्याचं नाव आज संध्याकाळपर्यंत समजते," नत्थूजी म्हणाले.

चंद्रभान मामाकडे वळला. "मामाजी, मी वापस ठेवणार होतो. देवाशप्पथ."

भैयाजींनी कपाळाला हात लावला. मग ते खाली बघत म्हणाले, "घरचं प्रकरण आहे. पैसे मी भरतो, व्याजासकट. पोराची जिंदगी बरबाद होईन. सोमवारी पाहू शांतपणे."

गणपतराव आयुष्यात मालकासमोर आवाज चढवून बोलले नव्हते. आताही चढवला नाही.

"भैयाजी," ते म्हणाले, "आज शनिवार आहे."

भैयाजींनी वर पाहिलं. चौकटीला धरून धोंडबा उभा होता. भैयाजींची नजर त्याच्यापर्यंत गेली आणि तिथून मागे फिरू शकली नाही. त्यांनी फोन पुढे ओढला, ठाण्याचा नंबर मागितला, आणि नाव सांगण्याआधी एकदा भाच्याकडे पाहिलं. पण नाव त्यांनी बरोबर सांगितलं.

धोंडबाला मात्र सुटल्याचा आनंद झालेला दिसला नाही. अंगणात आल्यावर तो गणपतरावांना म्हणाला, "म्हणजे थैली मी कोणालेच देत नव्हतो म्हणत होतो, अन् मीच दर महिन्याले त्याच्या खात्यात नेऊन टाकत होतो. माह्या या हातानं." तो आपले हात पाहत राहिला. गणपतरावांनी त्याचा खांदा धरला, आणि टिनांचा विचार मनात आणल्याची लाज त्यांना त्या क्षणी जेवढी वाटली तेवढी आधी वाटली नव्हती.

७

जानेवारीतल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी रोकड मोजली, थैली शिवली आणि धोंडबाला हाक मारली. धोंडबाने थैली घेऊन कमरेला बांधली. कागद मात्र घेतला नाही.

"कागद मी नाही धरत," तो भैयाजींना म्हणाला. "मले वाचता येत नाही. पैसे मी सोडत नाही, कागद तुम्ही सोडू नका."

मधुकररावांना वाटलं आता आकाश कोसळणार. पण भैयाजी उठले, टोपी घातली आणि कागद हातात घेऊन धोंडबामागून निघाले. त्यांची मोटार त्या दिवशी दुरुस्तीला होती असं कुणी म्हणतं, नव्हती असंही कुणी म्हणतं. एवढं खरं की रंगखात्याच्या दारातून गणपतरावांनी स्वतः पाहिलं, मालक आणि चपराशी साध्या बसमध्ये एका बाकावर बसून शहराकडे निघाले होते. मालक कागद दोन्ही हातांत धरून बसले होते.

कोपऱ्यातल्या खिडकीपुढची रांग मोठी होती. दोघांचा नंबर आला तेव्हा भैयाजींनी कागद आत सरकवला, धोंडबाने सुतळी तोडून थैली आत दिली. बाबूने नोटा मोजल्या आणि मान वर न करता म्हणाला, "पावती परवा."

"परवा?" भैयाजी म्हणाले. "मी एवढ्या दुरून..."

धोंडबाने त्यांच्या बाहीला हळूच हात लावला.

"यावं लागते, भैयाजी. दुसरी खेप करावीच लागते," तो म्हणाला. "तुम्ही या. तुमची गैरहजेरी नाही लागत."

परवा भैयाजी आले, आणि त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी त्या सप्टेंबरातला धोंडबाचा कापलेला रोज पाकिटात घालून स्वतःच्या हाताने त्याच्या स्टुलाशी नेऊन दिला.